विसर

शरयू वैरागडेनं तो आकडा पहिल्यांदा काढला, तेव्हा कॉलमला काहीतरी नाव द्यायचं म्हणून तिनं रोमन लिपीत 'विसर' असं टाइप केलं. ऑफिसातल्या अमेरिकन मंडळींनी ते 'व्हायझर' असं वाचलं. हेल्मेटच्या पुढच्या काचेला व्हायझर म्हणतात, त्यामुळे अमेरिकन फुटबॉलच्या कंपनीत ते नाव कुणाला खटकलं नाही. शरयूनंही दुरुस्त केलं नाही.

ऑफिस अटलांटाजवळ अल्फारेटाला, एका दातांच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर होतं. अकरा माणसं. व्यावसायिक टीम त्यांना विचारायच्या की अमुक खेळाडू घ्यावा की सोडावा, आणि ही अकरा माणसं आकडे काढून सांगायची. शरयू मूळची नागपूरची. स्टॅटिस्टिक्सचं मास्टर्स तिनं ॲन आर्बरला केलं. तिथं तिच्या खोलीपासून स्टेडियम मैलभरावर होतं आणि शनिवारी मॅच असली की बसचे रस्ते बदलायचे, कुठं जाताच यायचं नाही. मग ती नाइलाजानं मॅच बघायला लागली. आता बत्तीस वर्षांची होती, नोकरीचं तिसरं वर्ष चालू होतं, आणि तिच्या वाट्याला कॉर्नरबॅक आले होते.

कॉर्नरबॅक म्हणजे कोण, हे तिनं एकदा आईला फोनवर समजावून सांगितलं होतं.

"समजा, एका माणसाला पळत जाऊन चेंडू झेलायचाय. कुठं वळायचं ते त्याला आधीच ठरवून दिलेलं असतं. त्याच्यासमोर दुसरा उभा असतो, त्याला ते माहीत नसतं. तरी त्यानं उलट्या पावली पळत पहिल्याला चिकटून राहायचं आणि चेंडू झेलू द्यायचा नाही. तो दुसरा म्हणजे कॉर्नरबॅक."

"आणि चुकला तर?"

"तर सगळ्या स्टेडियमला एकदम दिसतं."

"बिचारा," आई म्हणाली, आणि पोळ्या करायला गेली.

ह्या खेळातलं जे पुस्तकात नसतं ते शरयूला लायल बास्कमनं शिकवलं. लायल अडुसष्ट वर्षांचा होता. तरुणपणी आठ सीझन तो स्वतः कॉर्नरबॅक म्हणून खेळला होता, आणि त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं तेव्हापासून वाकडी होती. मंगळवारी आणि गुरुवारी तो ऑफिसात यायचा आणि शरयूबरोबर बसून जुन्या मॅचचे व्हिडिओ बघायचा.

"वेग बघू नकोस," तो म्हणायचा. "वेग नसलेला इथवर पोचतच नाही. कंबर बघ. उलटं पळता पळता सरळ वळायला ज्याला दोन पावलं लागतात तो चांगला. एक लागतं तो फार चांगला."

"आणि सगळ्यात वरचे?"

"ते विसरतात." त्यानं व्हिडिओ थांबवला. "कॉर्नरबॅकला दर रविवारी कुणीतरी चकवून जातंच. अर्ध्या मिनिटात पुन्हा त्याच माणसासमोर उभं राहायचं असतं. ज्याला मघाचं आठवतं, तो एक पाऊल मागे उभा राहतो. त्या एका पावलात समोरच्याचं काम होतं."

शरयूनं ते एक पाऊल मोजायचं ठरवलं. प्रत्येक खेळाडूच्या खांद्याच्या पॅडमध्ये चिप असते आणि तो मैदानावर कुठं आहे ते ती सेकंदाला दहा वेळा सांगते. कॉर्नरबॅक चकला, की त्याच्या पुढच्या दहा प्लेमध्ये, म्हणजे चेंडू सुटल्यापासून खेळ थांबेपर्यंतच्या काही सेकंदांच्या तुकड्यांत, तो किती मागे सरकून उभा राहतो, पहिलं पाऊल किती उशिरा उचलतो, ह्याचा तिनं एक आकडा केला. आकडा जितका शून्याच्या जवळ, तितका विसर चांगला. चार महिने लागले. गेल्या सहा वर्षांतल्या सगळ्या कॉर्नरबॅकवर तिनं तो लावून पाहिला, आणि लायल नुसत्या डोळ्यांनी ज्यांना मोठे म्हणायचा, तेच वर आले. लायलनं यादी वाचली आणि तिला दुपारचं जेवण खाऊ घातलं.

जानेवारीत एका टीमनं विचारलं की मार्चमध्ये जे कॉर्नरबॅक करार संपून मोकळे होतायत त्यांतला सर्वांत चांगला कोण. शरयूनं सगळ्यांचा विसर काढला. एझ्रा टॉलिव्हर नावाचा अठ्ठावीस वर्षांचा खेळाडू पहिला आला, आणि नुसता पहिला आला नाही. गेल्या सीझनच्या दुसऱ्या अर्ध्यात त्याचा आकडा चक्क शून्य होता. तो चकला, त्याच्या डोळ्यांदेखत समोरच्यांनी टचडाउन करून गुण मिळवले, लोकांनी आरडाओरडा केला, आणि पुढच्या प्लेला तो जिथं उभा राहायचा तिथंच, इंचभरही न सरकता, उभा राहिला. सहा वर्षांत असं कुणाचं झालं नव्हतं.

त्याआधी मात्र तो चारचौघांसारखा होता. चकला की पाऊणेक यार्ड मागे सरकायचा. नवव्या आठवड्यापासून ते एकदम थांबलं होतं. शरयूनं रिपोर्टमध्ये ह्या बदलाचं कारण एका शब्दात लिहिलं, 'परिपक्वता', आणि रिपोर्ट बॉसकडे पाठवला. ग्रेग, तिचा बॉस, स्वतः उठून तिच्या टेबलापाशी आला आणि म्हणाला की कंपनीनं आजवर केलेलं हे सर्वांत चांगलं काम आहे.

गुरुवारी लायलनं रिपोर्ट वाचला. 'परिपक्वता' ह्या शब्दावर त्याचं वाकडं बोट थांबलं.

"हे किती दिवसांत झालं?"

"नवव्या आठवड्यापासून."

"मी ते शिकायला पाच वर्षं घेतली," लायल म्हणाला. "आठव्या आठवड्याची मॅच लाव."

तिसऱ्या क्वार्टरमध्ये त्यांना ते सापडलं. टॉलिव्हर एका धावणाऱ्याला पाडायला खाली वाकला आणि त्याचं डोकं त्या माणसाच्या गुडघ्यावर आपटलं. फार जोरात नाही. तो लगेच उठला आणि आपल्या जागी चालत गेला. डॉक्टर आले नाहीत, मॅच थांबली नाही. त्या आठवड्याच्या जखमींच्या यादीत त्याचं नाव नव्हतं, ते शरयूनं तपासलं.

"आता उठल्यावर बघ," लायल म्हणाला.

टॉलिव्हर जागेवर पोचला होता, पण त्याचं तोंड प्रेक्षकांकडे होतं. त्याच्या मागे खेळणारा सेफ्टी, म्हणजे शेवटचा बचाव करणारा, धावत आला आणि त्यानं त्याला दोन्ही खांदे धरून हलकेच फिरवलं. एखाद्या म्हाताऱ्याला बसच्या दाराकडे वळवावं तसं. मग प्ले सुरू झाला आणि टॉलिव्हर नेहमीसारखा पळाला.

त्यानंतरच्या सगळ्या मॅच त्यांनी दोन दिवस बघितल्या. आधी हा टॉलिव्हरच बाकीच्यांना ओरडून जागा सांगायचा. नवव्या आठवड्यापासून तो प्रत्येक प्लेच्या आधी मान वळवून सेफ्टीकडे बघत होता. सेफ्टी बोटांनी खूण करायचा, आणि मग हा समोर बघायचा. चेंडूमागे चेंडू, मॅचमागे मॅच, खूण मिळाल्याशिवाय एकदाही नाही.

"त्याला मघाचं आठवतच नाहीये," शरयू म्हणाली.

लायलनं चष्मा काढून शर्टाला पुसला आणि तसाच हातात धरून बसला.

शरयू ग्रेगकडे गेली. ग्रेगनं दार लावून घेतलं आणि व्हिडिओचे तुकडे शांतपणे बघितले. तो वाईट माणूस नव्हता. शरयूच्या ग्रीन कार्डचे कागद त्यानं स्वतः मागे लागून वेळेत भरले होते.

"आपण डॉक्टर आहोत का?" त्यानं विचारलं.

"नाही."

"त्यांच्याकडे आहेत. सही करायच्या आधी ते त्याची मेडिकल करणारच. आपल्याला विचारलं काय, तर कोण चांगलं खेळतं. तो चांगला खेळतो की नाही?"

"खेळतो."

"मग?"

शरयूनं 'परिपक्वता' हा शब्द काढायला सांगितला. ग्रेगनं तो लगेच काढला. पहिला नंबर तसाच राहिला.

टॉलिव्हर सीझन संपला की अटलांटाकडे राहायला यायचा. त्याचा ट्रेनर लायलच्या ओळखीचा होता. फेब्रुवारीतल्या एका शनिवारी सकाळी लायल शरयूला घेऊन एका शाळेच्या मैदानावर गेला. थंडी होती, गवतावर दव होतं. टॉलिव्हर उलटा पळत होता, आणि ट्रेनरनं हात केला की एका पावलात वळत होता. शरयूनं त्याला आजवर फक्त ठिपक्यांच्या रूपात आणि वरून घेतलेल्या व्हिडिओत पाहिलं होतं. जवळून त्याच्या पावलांचा आवाजच येत नव्हता.

मधल्या सुट्टीत तो त्यांच्याकडे आला. हसरा होता, खूप नम्र. लायलशी हात मिळवला. शरयूला नाव विचारलं, मग स्पेलिंग विचारलं, आणि पँटच्या खिशातून पेन काढून ते मनगटावरच्या पांढऱ्या टेपवर लिहून घेतलं. शरयूला बरं वाटलं. तिच्या नावाचं स्पेलिंग इतक्या वर्षांत कुणी आपणहून विचारलं नव्हतं. मग तिची नजर टेपवर गेली. तिच्या नावाच्या वर बारीक अक्षरात लिहिलं होतं: ट्रेनर, डॅन. निळी गाडी, निकोल. त्याच्या खाली: पाणी प्यायलो, आणि पुढं चार रेघा.

"म्हणजे तुम्हीच त्या व्हायझरवाल्या," तो म्हणाला. "माझ्या एजंटनं सांगितलं. मी पहिला आलो म्हणे."

"हो."

"मी मुलीला सांगितलं. ती सहा वर्षांची आहे. तिला वाटलं शर्यतीत आलो."

लायल ट्रेनरशी बोलायच्या निमित्तानं बाजूला गेला. शरयूनं टॉलिव्हरकडे न बघता विचारलं, "आठव्या आठवड्यातली मॅच तुम्हाला आठवते?"

त्याचं हसू गेलं नाही, पण त्याच्यामागचा माणूस दोन पावलं आत गेल्यासारखा वाटला.

"तुमच्या आकड्यांत दिसतं?"

"दिसतं."

"आणखी कुणाला दिसेल?"

"सध्या तरी नाही."

"मैदानावर मला सगळं येतं," तो हळू म्हणाला. "पायांना माहीत असतं. बाकीचं बायको बघते. हा एक करार होऊ दे, दोन-तीन सीझन खेळतो, मग थांबतो. वयाच्या आठव्या वर्षापासून मी दुसरं काहीच केलेलं नाही. तुम्ही कुणाला सांगू नका. प्लीज."

शरयू हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. तो पुन्हा पळायला गेला. ती आणि लायल गाडीकडे निघाले, तेव्हा पार्किंगमध्ये एका निळ्या गाडीतून एक बाई उतरली आणि सरळ त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. ती निकोल, टॉलिव्हरची बायको. ते कुठल्या टीमचे आहेत, तिनं विचारलं. कुठल्याच नाही, असं शरयूनं सांगितलं आणि आपलं कार्ड दिलं. निकोलनं ते वाचून खिशात ठेवलं आणि पुन्हा गाडीत जाऊन मैदानाकडे बघत बसली.

"माझ्या टीममध्ये आम्ही चौघं कॉर्नरबॅक होतो," गाडी चालवता चालवता लायल म्हणाला. "स्वतःचं नाव सांगू शकेल असा आता मी एकटाच उरलोय. त्याच्या जागी मी असतो, तर मीही तुला हेच म्हणालो असतो. ऐकू नकोस त्याचं."

शरयूनं हे परीक्षितला सांगितलं. तिचा नवरा परीक्षित पुण्याचा, एका बँकेच्या सॉफ्टवेअरवर काम करायचा. संध्याकाळचा चहा घेऊन दोघं घरामागच्या डेकवर बसले होते.

"टॉलिव्हरला घेऊ बघणाऱ्या टीमच्या डॉक्टरला लेटर लिहिणं हाच एक मार्ग दिसतो," शरयू म्हणाली.

"कॉन्फिडेन्शिॲलिटीचं काय?"

"मोडेल."

"जॉब?"

"जाईल बहुतेक. माझा ग्रीन कार्डचा फॉर्म कॅन्सल होईल. मग तुझ्या व्हिसावर यावं लागेल, म्हणजे काम करता येणार नाही."

परीक्षितनं कपातला चहा संपवला. "मी नको म्हणणार नाही," तो म्हणाला. "पण मला भीती वाटतेय, हे तुला माहीत असू दे."

तिनं पत्र लिहिलं. दोन पानं. आठव्या आठवड्याआधीचे आकडे, नंतरचे आकडे, सेफ्टीकडे किती वेळा मान वळली त्याची मोजणी. शेवटी एक वाक्य, की ह्या खेळाडूची मेंदूच्या डॉक्टरकडून नीट तपासणी व्हावी. मनगटावरच्या टेपबद्दल तिनं लिहिलं नाही. ते तिला चोरी केल्यासारखं वाटलं.

मंगळवारी पाठवलेल्या पत्राला शुक्रवारी उत्तर आलं. माहितीची नोंद घेतली आहे, धन्यवाद. पुढच्या आठवड्यात टीमनं जाहीर केलं की टॉलिव्हर मेडिकल पास झाला आहे आणि त्यांनी त्याला घेतलं आहे. चार वर्षांचा करार होणार अशी बातमी होती. तो एकाच वर्षाचा झाला.

त्याच दिवशी निकोलचा फोन आला.

"तुम्ही लिहिलंत?"

"हो."

"त्यानं तुम्हाला नको म्हटलं होतं."

"हो."

"मी नको म्हटलं नव्हतं," निकोल म्हणाली. "पण मला तुम्ही विचारलं नाहीत. विचारलं असतंत तर मी त्याला हाताला धरून घरी बसवलं असतं. आता त्यांच्याकडे तुमचा कागद आहे आणि त्यांनी त्याला एक वर्ष दिलंय. एका वर्षात तो चार वर्षांचं खेळून दाखवायला बघणार." तिनं फोन ठेवला.

ग्रेगनं बोलावलं तेव्हा शरयू पर्स खांद्याला लावूनच त्याच्या खोलीत गेली. आज निघावं लागणार, असं धरून ती आली होती. ग्रेगनं तिला बसायला सांगितलं. तो रागावलेला नव्हता, उलट जरा गोंधळलेला वाटला.

"तू मला न विचारता क्लायंटला पत्र लिहिलंस. ते पुन्हा करायचं नाही. पण डॉक्टरांनी ते पत्र कोचना दाखवलं, आणि त्यांना ते फार आवडलं."

"आवडलं?"

"ते विचारतायत की हे उलट्या बाजूनं करता येईल का. म्हणजे समोरच्या टीमच्या कुठल्या कॉर्नरबॅकचा आकडा असा एकदम शून्यावर आलाय, ते दर आठवड्याला सांगता येईल का. असा माणूस खूण मिळेपर्यंत थांबतो ना. खूण मिळायच्या आत प्ले सुरू केला तर तो नुसता उभा राहील." त्यानं टेबलावरचा कागद सरळ केला. "आणखी दोन टीमनाही हवंय."

आपण काय तयार केलंय ते शरयूला त्या खोलीत, त्या खुर्चीवर बसून पहिल्यांदा नीट दिसलं. मैदानातल्या बाकीच्या कुणाला न दिसणारा जखमी माणूस तिचा कॉलम शोधून देत होता, आणि तो कुणाला द्यायचा हे आता तिच्या हातात नव्हतं.

"मी हे करणार नाही," ती म्हणाली.

"विचार कर."

तिनं एप्रिलमध्ये राजीनामा दिला. तिच्या कामावर देवांग नावाचा मुंबईचा मुलगा आला, जो इतके दिवस तिच्याच शेजारच्या टेबलावर बसायचा. शेवटच्या दिवशी तो तिला खाली पार्किंगपर्यंत सोडायला आला.

"देवांग, तो कॉलम रन करू नकोस."

"यार शरयू, कोड तर कंपनीचा आहे. मी नाही केलं तर दुसरा कुणी बटन दाबेल." त्यानं तिच्याकडे बघायचं टाळलं. "माझी व्हिसाची एक्स्टेन्शन जूनमध्ये आहे. तुझ्याकडे परीक्षित तरी आहे."

उन्हाळाभर ती घरी होती. खेळाडूंच्या संघटनेला तिनं दोनदा लिहिलं. तिथल्या एका बाईनं फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, तुमच्याकडे डेटा आहे का. डेटा कंपनीचा होता. शरयूनं एकही फाइल घरी आणली नव्हती.

सप्टेंबरच्या तिसऱ्या रविवारी दुपारी लायलच्या घरी दोघं मॅच बघत बसले होते. टॉलिव्हरच्या समोर जी टीम होती ती शरयूच्या जुन्या कंपनीची क्लायंट होती. दोघांनाही हे माहीत होतं.

पहिला अर्धा तास काही झालं नाही. टॉलिव्हर मान वळवायचा, खूण घ्यायचा, खेळायचा. मग समोरची टीम अचानक घाई करायला लागली. एक प्ले संपला की श्वासही न घेता दुसरा. पहिल्या घाईत टॉलिव्हरची मान अजून मागे होती, तेव्हा त्याच्या बाजूनं एकजण चेंडू घेऊन निघून गेला. दुसऱ्या वेळीही तसंच झालं. दोन्ही वेळा पुढच्या प्लेला टॉलिव्हर नेहमीच्या जागी, तेवढ्याच अंतरावर उभा राहिला.

"बघा ह्याला," टीव्हीवरचा माणूस कौतुकानं म्हणाला. "लागोपाठ दोनदा चकला, पण चेहऱ्यावर काही नाही. मोठ्या कॉर्नरबॅकचं हेच लक्षण. आखूड आठवण."

"बंद करू?" लायलनं विचारलं.

"नको."

तिसऱ्या वेळी चेंडू घेऊन धावणारा त्याच्याच बाजूला वळला आणि त्याच्यापुढे वाट मोकळी करणारा एक दांडगा माणूस होता. टॉलिव्हर सेफ्टीकडे बघत होता. सेफ्टी हात हलवून ओरडत होता, पुढं बघ, पुढं बघ, ते टीव्हीवरसुद्धा दिसत होतं. टॉलिव्हर त्या हाताकडे बघत राहिला. ती कुठली खूण आहे, ते त्याला कळत नसावं. धडक बसली आणि त्याचं डोकं मागे जाऊन जमिनीवर आदळलं.

तो उठला. आपला आपण उठला, हेल्मेट नीट केलं आणि चालत निघाला. समोरच्या टीमचे खेळाडू घोळका करून पुढचा प्ले ठरवत होते, त्यांच्यात जाऊन तो उभा राहिला. दोन्ही हात जरासे पुढं करून, कुणीतरी येऊन खांदे धरून वळवण्याची वाट बघत. त्या घोळक्यातल्या एकानं त्याच्याकडे पाहिलं, आणि हात वर करून रेफ्रीला बोलावलं. मग मॅच थांबली.

लायलनं टीव्ही बंद केला. शरयूनं दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले.

टॉलिव्हर पुन्हा खेळला नाही. टीमनं तीन आठवड्यांनी दोन ओळींचं निवेदन काढलं. ऑक्टोबरच्या शेवटी निकोलचा मेसेज आला: घरी आहे. आम्हाला ओळखतो. सकाळ बरी जाते, दुपारनंतर गोंधळतो. बाकी काही तिनं लिहिलं नव्हतं. शरयूनं तिला भेटायला येऊ का विचारलं, त्याचं उत्तर आलं नाही.

नोव्हेंबरमध्ये शरयू मंगळवारी आणि गुरुवारी लायलच्या घरी जायला लागली. चिपचा डेटा नव्हता, कंपनीचा कोड नव्हता. टीव्हीवर दाखवलेल्या मॅच कुणालाही बघता येतात, तेवढ्याच होत्या. लायल पडद्यावर पट्टी लावून अंतर सांगायचा, शरयू पेन्सिलीनं वहीत लिहायची. चकला, पुढचे दहा प्ले. मान वळली, नाही वळली. कंपनीत जे काम मिनिटात व्हायचं त्याला इथं एका खेळाडूमागे दोन दिवस जायचे. लायलचे डोळे दुखायचे, तो मध्ये थांबून थेंब घालायचा. त्या सगळ्यांतून चार नावं निघाली, ज्यांचा विसर ह्या सीझनमध्ये एकदम शून्यावर आला होता. त्यातला सर्वांत लहान बावीस वर्षांचा होता. वर्तमानपत्रांत त्याला 'वयाच्या मानानं विलक्षण परिपक्व' म्हटलं जात होतं.

"टीमना लिहायचं नाही," शरयू म्हणाली.

"नाही."

"आणि खेळाडूंनाही आधी सांगायचं नाही. घरच्यांना सांगायचं."

त्या बावीस वर्षांच्या मुलाच्या आईचा नंबर लायलनं दोन-चार जुन्या कोचना फोन करून मिळवला. ती ओहायोत एका शाळेच्या ऑफिसात काम करायची. गुरुवारी दुपारी, तिची शाळा सुटायच्या वेळेला, शरयूनं फोन लावला. काय बोलायचं ते तिनं वहीत लिहून ठेवलं होतं, पहिल्यांदा स्वतःचं नाव, मग कुठं काम करत होते, मग हळूहळू बाकीचं. तिनं नाव सांगितलं, तुमच्या मुलाच्या खेळाबद्दल बोलायचंय म्हणाली, मी पूर्वी खेळाडूंचे आकडे काढायचे, त्यात मला काहीतरी दिसलंय, असं म्हणाली, आणि तिथंच तिला पुढचं वाक्य सापडेना.

पलीकडची बाई कोण, कुठली, नंबर कसा मिळाला, काही विचारत नव्हती. शाळेच्या बसचा आवाज येत होता. मग दार लावल्याचा आवाज आला आणि बसचा थांबला.

"कितव्या आठवड्यापासून?" बाईनं विचारलं.

"पाचव्या," शरयू म्हणाली.

कागद उलटल्याचा आवाज आला, एक पान, मग दुसरं.

"माझ्याकडे तिसऱ्यापासूनचं लिहिलेलं आहे," ती बाई म्हणाली. "तुम्ही आधी सांगा, मग मी सांगते."